एक ॲम्प, की वेगळी चूल?

साशंक : गाडीत चांगला आवाज हवा असलेल्या माणसाला आज पहिला सल्ला मिळतो तो असा : दारांतले स्पीकर आणि डिकीतला सबवूफर, सगळे एकाच मल्टिचॅनेल ॲम्पवर घ्या, जागा वाचते, पैसे वाचतात, वायरिंग सुटसुटीत होते. मला हा सल्ला पटत नाही. गळा आणि ठेका यांच्या गरजा मुळातच वेगळ्या आहेत. अभंगात गायकाच्या आवाजाला आणि टाळांना वीज थोडी लागते, पण ती स्वच्छ लागते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडते तेव्हा मात्र क्षणभर भरपूर वीज लागते, कारण खालचे सूर उमटवायला वूफरला पुष्कळ हवा ढकलावी लागते. यंत्रणेतली बहुतेक शक्ती म्हणूनच एकट्या बेसकडे जाते. हे दोघे एकाच पुरवठ्यावर जेवायला बसले तर थाप पडताच गळ्याच्या ताटात कमी पडणार, ही माझी पहिली हरकत. दुसरी अशी, की एक डबा बंद पडला तर गाडीतले सगळेच संगीत थांबते. आणि तिसरी, साऱ्या यंत्रणेची उष्णता एकाच पत्र्याच्या पेटीत कोंडली जाते. बेसची चूल वेगळी मांडावी, दारांतल्या स्पीकरांची वेगळी, असे मला वाटते.

उत्साही : तुमच्या हरकतींकडे येतो, पण आधी मूळ अडचण पाहू या. डेकवर ‘४ × ५०’ वॅट लिहिलेले असते. डेकमधली चिप गाडीच्या व्होल्टेजवरच चालते आणि इंजिन सुरू असताना ते फार तर १४.४ व्होल्ट असते. स्पीकरला त्याहून मोठा झोका मिळूच शकत नाही. त्या झोक्याचे आरएमएस मूल्य सुमारे १०.२ व्होल्ट भरते, आणि ४ ओहमच्या स्पीकरवर त्यातून निघतात २६ वॅट. तेही चिपमध्ये काहीच वाया जात नाही असे धरून. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे अठरा-वीस वॅट हाती लागतात. ४ ओहमवर ७५ वॅट हवे असतील तर लाटेचे टोक साडेचोवीस व्होल्टपर्यंत जायला हवे. म्हणून प्रत्येक बाहेरच्या ॲम्पमध्ये गाडीचे व्होल्टेज चढवणारा एक पुरवठा असतो, आणि ॲम्पच्या किमतीचा, वजनाचा, उष्णतेचा मोठा वाटा त्या पुरवठ्याचा असतो. दोन ॲम्प घेणे म्हणजे हा पुरवठा दोनदा विकत घेणे. शिवाय दोन्ही ॲम्प वीज घेणार त्याच एका बॅटरीतून आणि त्याच एका अल्टरनेटरमधून. चुली दोन मांडल्या तरी कोठार एकच राहते.

साशंक : कोठार एक असले तरी शिजवणे वेगळे असण्याला अर्थ आहे. थाप पडली की बॅटरीचे व्होल्टेज थोडे खाली येते, हे दोन्ही रचनांत घडणारच. पण दोन ॲम्प असतील तर दारांच्या ॲम्पपर्यंत फक्त तेवढीच घसरण पोहोचते. एकच ॲम्प असेल तर त्यात दुसरी घसरण मिळते, ती आतल्या चढवलेल्या व्होल्टेजची. बहुतेक ॲम्पमध्ये हे व्होल्टेज नियंत्रित नसते. ओढ वाढली की ते खाली बसते. बेसने ओढ लावली की त्याच क्षणी गळ्याच्या चॅनेलचे छत खाली येते, आणि हा क्षण नेमका असा असतो, की सगळा वाद्यवृंद एकदम वाजत असल्याने गळ्यालाही जागा हवी असते. माझ्या मते एकाच डब्याचा खरा दोष हा आहे. जागा आणि पैसे यांचा हिशेब त्याच्यानंतर यायला हवा.

उत्साही : छत खाली येते, हे मान्य. पण छत खाली येणे आणि आवाज बिघडणे यांत अंतर आहे. ॲम्पची मंडलरचना अशी असते, की आतले व्होल्टेज थोडे बदलले तरी सिग्नल किती पटींनी वाढवायचा हे प्रमाण बदलत नाही. बदलते ती फक्त कमाल मर्यादा. पुढचे स्पीकर त्या मर्यादेपासून दूर वाजत असतील, तर व्होल्टेज खाली बसल्याचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. आणि मर्यादा किती घटते तेही मोजता येते. आतले व्होल्टेज १० टक्क्यांनी खाली बसले तर कमाल शक्ती १९ टक्क्यांनी कमी होते, पण डेसिबलमध्ये हे नुकसान ०.९ इतकेच आहे. एक डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. त्यातच वूफर आल्यावर दारांच्या स्पीकरांवरचा भार हलका होतो. त्यांना ८० हर्ट्झच्या खालचे काही पाठवायचेच नाही असे ॲम्पवर ठरवून दिले, की सर्वांत जास्त वीज खाणारा भाग त्यांच्या वाट्यातून निघून जातो. वूफर गळ्याच्या ताटातले काढून घेतो असे तुम्ही म्हणता. मला तर उलट दिसते, की त्याने गळ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवलेले असते.

साशंक : डेसिबलचा हिशेब बरोबर आहे, पण तो चुकीच्या जागी लावला आहे. छताला डोके लागले की आवाज ०.९ डेसिबलने लहान होतो असे घडत नाही. लाटेचे टोक सपाट कापले जाते, आणि कापलेल्या लाटेत मुळात नसलेले वरचे सूर मिसळतात. कानाला ते खरखर म्हणून कळते, टाळ फुटल्यासारखे वाटतात, आणि सतत तसे वाजवले तर त्या जादा शक्तीने ट्विटर जळतो. आता मर्यादेपासून दूर राहा म्हणायचे, तर मर्यादा कुठे आहे हे ग्राहकाला कोण सांगणार? डब्यावरचा आकडा तर नक्कीच नाही. अमेरिकेतल्या सीईए-२००६ या मानकाने निदान शिस्त घातली : आकडा आरएमएसमध्ये, ४ ओहमवर, १४.४ व्होल्टला, आणि विकृती १ टक्क्याच्या आत असताना मोजलेला हवा. पण बाजारात हजारो वॅटचे आकडे मिरवणारे डबे आहेत आणि त्यांच्या बाजूला फ्यूज असतो ३० ॲम्पिअरचा. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट आत जाणार, आणि ॲम्प ऐंशी टक्के कार्यक्षम धरला तर बाहेर पडणार साडेतीनशेच्या आसपास. एका डब्यावर पाच चॅनेलचे पाच आकडे छापले, तर ते सगळे एकाच वेळी मिळतील असा वाचणाऱ्याचा समज होतो. मिळतात की नाही, ते फ्यूज सांगतो.

उत्साही : फ्यूजची पाटी आधी वाचावी आणि वॅटची नंतर, हा नियम मी आनंदाने स्वीकारतो. आता प्रामाणिक आकड्यांचा एक नेहमीचा ॲम्प घेऊ. चार चॅनेल, ४ ओहमवर प्रत्येकी ७५ वॅट, २ ओहमवर प्रत्येकी १००, आणि दोन चॅनेल ब्रिज केली तर ४ ओहमवर २००. ब्रिज म्हणजे एकाच सिग्नलची सुलटी लाट एका चॅनेलला आणि उलटी लाट दुसऱ्याला देऊन वूफर त्या दोघांच्या मध्ये जोडणे. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, म्हणून वूफरला दुप्पट व्होल्टेज मिळते. पुढची दोन चॅनेल पुढच्या दारांना द्यायची आणि मागची दोन ब्रिज करून वूफरला. मागच्या दारांचे स्पीकर हळू आवाजात डेकवरच राहू द्यायचे, कारण पुढे बसणाऱ्याला संगीत समोरून यायला हवे असते. एका ॲम्पमध्ये दारांना ७५-७५ आणि बेसला २०० असे वाटप झाले. छोट्या गाडीत हे वाटप अपुरे म्हणता येणार नाही, आणि गरजांची जी विषमता तुम्ही सांगितली ती यात आधीच धरलेली आहे.

साशंक : या रचनेतली खाच तुम्ही सांगितलेल्या आकड्यांतच आहे. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला वूफरचा रोध अर्धाच दिसतो. ४ ओहमचा वूफर जोडला तर प्रत्येक चॅनेल २ ओहमचे ओझे उचलते, आणि बहुतेक ॲम्पची सहनशक्ती तिथे संपते. कोणी ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले तर ब्रिजवर २ ओहम होतात, प्रत्येक चॅनेलवर १, आणि ॲम्प तापून संरक्षणात जातो किंवा जळतो. दोन कॉइलच्या वूफरमध्ये हाच गोंधळ आणखी वाढतो. दोन ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर २, एकामागे एक जोडल्या तर ८. पहिले ब्रिजला झेपत नाही, आणि दुसऱ्यात शक्ती २०० वॅटवरून १५० वर येते. अशा ॲम्पला दोन २ ओहमच्या कॉइलचा वूफर घेऊन त्या एकामागे एक जोडायला हव्यात. पण ग्राहक वूफर निवडतो तो इंच पाहून, कॉइलचा ओहम पाहून नव्हे. बेससाठी वेगळा मोनो ॲम्प असेल तर तो २ ओहम सहज पेलतो, काही तर १ ओहमही. इतिहासही माझ्या बाजूचा आहे. १९८० आणि १९९०च्या दशकांत दोन चॅनेलच्या एकाच ॲम्पवर दोन स्पीकर आणि त्यांच्या मध्ये ब्रिजवर वूफर, अशी ट्राय-मोड जोडणी होत असे. लोकांनी ती सोडली, आणि त्यामागे कारणे होती.

उत्साही : लोकांनी त्यातले नेमके काय सोडले ते पाहायला हवे. ट्राय-मोडमध्ये सुरांची विभागणी ॲम्पच्या नंतर, स्पीकरच्या वायरवर करावी लागे. ८० हर्ट्झला वाटणी करायची तर ४ ओहमच्या प्रत्येक स्पीकरला सुमारे ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरला ८ मिलिहेन्रीची तांब्याची जड कॉइल लागे. स्पीकरचा रोध सुरागणिक बदलतो, त्यामुळे वाटणीची रेषा हिशेबाने काढलेल्या जागी राहत नसे. वूफर कमी-जास्त करायचा तर वेगळे बटणही नव्हते. सोडली गेली ती ही पद्धत. आजच्या ॲम्पमध्ये विभागणी सिग्नल मोठा होण्याआधीच होते. प्रत्येक जोडीला आपला गेन आणि आपला फिल्टर असतो. पाच चॅनेलच्या ॲम्पने तर तुमची ओहमची तक्रारही बरीचशी मिटवली : चार चॅनेल दारांना, आणि पाचवे बेससाठीच घडवलेले, क्लास डी पद्धतीचे, बहुधा २ ओहम पेलणारे. काही ॲम्पमध्ये त्या पाचव्या चॅनेलचा आतला पुरवठाही वेगळा असतो. म्हणजे वेगळ्या चुली एकाच छपराखाली आल्या. आणि त्यात एक लाभही आहे. ८० हर्ट्झला जिथे दारांचे काम संपते आणि वूफरचे सुरू होते, तिथे दोन्हींचे उतार जुळावे लागतात. झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेला २४ डेसिबलचा फिल्टर आजही वापरला जातो तो याचसाठी, की त्यात सांध्यावर दोन्ही लाटा एका चालीने चालतात. एकाच ॲम्पमध्ये दोन्ही फिल्टर एकाच हाताचे असतात. दोन कंपन्यांच्या दोन ॲम्पमध्ये एकाचा उतार १२ आणि दुसऱ्याचा २४ असू शकतो.

साशंक : कागदावर जुळलेले उतार गाडीत जुळतीलच असे नाही. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या वर जाते. डिकीतला वूफर चालकापासून दाराच्या स्पीकरपेक्षा दोन मीटर लांब असेल, तर फिल्टर कितीही नेमके असले तरी वूफरची लाट जवळजवळ अर्धी लांबी मागे पडते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खातात. तिथे वूफरच्या वायरी उलट जोडून पाहाव्या लागतात आणि ज्या जोडणीत सांध्याचा बेस भरीव वाटेल ती ठेवावी लागते. एका ॲम्पलाही हे करावेच लागते, म्हणून तुमच्या लाभाचे मोल मी थोडे कमी धरतो. याहून मोठी काळजी मला वायरीची वाटते. पाच चॅनेलचा ॲम्प, चार चॅनेल प्रत्येकी ७५ आणि पाचवे ३५० वॅटचे, म्हणजे एकूण ६५०. ऐंशी टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण जोरात साठ ॲम्पिअर प्रवाह लागतो. बॅटरी पुढे, ॲम्प डिकीत, मध्ये पाच मीटर वायर. तांब्याची ८ गेज, म्हणजे सुमारे साडेआठ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर एवढ्या प्रवाहाला ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. तीच वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर जवळजवळ १ व्होल्ट. सुमारे २१ चौरस मिलिमीटरची तांब्याची ४ गेज वायर असेल तर पाव व्होल्ट. ‘एकच ॲम्प आहे, सोपे काम आहे’ असे म्हणून सर्वांत स्वस्त वायरिंग किट घेतले जाते, आणि एकाच वायरीवर सगळ्या गाडीचे ओझे पडते.

उत्साही : वायरीच्या बाबतीत आपण एका बाजूचे आहोत. वायर प्रवाहाच्या हिशेबाने आणि तांब्याचीच घ्यावी. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असावा, कारण तो फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. इंजिनमागच्या पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट नसेल आणि पत्र्याने वायर सोलली गेली, तर आग लागण्याआधी वितळणारी वस्तू तीच. पण याच जागी एका ॲम्पचा पक्ष बळकट होतो. दोन ॲम्प म्हणजे जाड वायर डिकीत नेऊन तिची दोन बारीक वायरींत फोड, प्रत्येक फाट्यावर पुन्हा फ्यूज, आणि अर्थिंगच्या दोन जागा. अर्थिंगच्या त्या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहिला, तर तो आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो, आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी ती ओळखीची शिट्टी ऐकू येते. एका ॲम्पला अर्थिंगची जागा एकच : रंग खरवडून उघडा केलेला पत्रा, घट्ट बोल्ट, आखूड वायर. शिट्टीचा शोध घ्यायचा तर तपासायच्या जागा निम्म्या होतात. आणि साठ ॲम्पिअरचा प्रवाह सतत लागत नाही. संगीतात टोके क्षणभराची असतात; टोक नुकते कापले जाईल इतक्या जोरात वाजवले तरी सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या साधारण आठव्या हिश्शाच्या आसपास धरतात. वायर आणि फ्यूज टोकाच्या हिशेबाने घ्यायचे, पण अल्टरनेटरला पेलायची असते सरासरी.

साशंक : सरासरीचा हाच हिशेब उष्णतेला लावू. क्लास एबीची चॅनेल सरासरी पातळीवर वाजताना फार उधळी असतात. आत गेलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. मे महिन्यात नागपुरात हवाच ४५ अंशांच्या पुढे जाते. उन्हात उभ्या बंद गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. ॲम्प सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला असेल तर उष्णतेला वाट नाही. ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि एकच असल्याने सगळे बंद होते. बेसचा ॲम्प वेगळा असता तर बेस गेला असता, गाणे राहिले असते. दुरुस्तीलाही तोच न्याय : एक चॅनेल जळले तर पूर्ण डबा दुकानात. पण या सगळ्यापेक्षा मला वाढीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माणूस आज एक दहा इंची वूफर घेतो आणि दोन वर्षांनी त्याला बारा इंची हवा होतो. पाचव्या चॅनेलची शक्ती ठरलेली आहे. तिथे तो अडतो, आणि मग सगळा डबा विकून पुन्हा सुरुवात करतो. वेगळ्या चुली असतील तर एकच चूल बदलली की काम भागते.

उत्साही : उष्णतेचे उत्तर असे, की दारांची चॅनेलही आता क्लास डीमध्ये मिळतात, त्यांत वाया जाणारी वीज खूपच कमी असते. आणि दोन ॲम्पही शेवटी त्याच डिकीत राहणार. तरीही एक बंद पडला की सगळे बंद, ही तुमची हरकत खोडता येत नाही. वाढीचा प्रश्न मात्र वेगळ्या बाजूने पाहू. ३५० वॅटवरून ७०० वर गेलात तर मिळतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट. त्यात गाडी ही छोटी बंद खोली आहे. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर सुमारे ७० हर्ट्झच्या खाली हवा खोलीत फिरण्याऐवजी एकदम दाबली जाते आणि खालचे सूर आपोआप चढत जातात. घराच्या दिवाणखान्यात जो वूफर साधा वाटेल तो गाडीत भरून राहतो. कानाचीही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. पुणे ते मुंबई हा प्रवासच तीन तासांचा. अशा प्रवासाला पाचव्या चॅनेलची मर्यादा अपुरी पडत नाही. उलट मर्यादा पहिल्या दिवशी माहीत असली की गेन तिच्या हिशेबाने लावता येतो. गेन म्हणजे आवाज वाढवायचे बटण नव्हे. डेकमधून येणारे व्होल्टेज आणि ॲम्पची कमाल मर्यादा यांची सांगड घालणारा तो स्क्रू आहे.

साशंक : इथे माझी भूमिका थोडी बदलते, आणि ती मी स्पष्ट मांडतो. एक ॲम्प वाईट आणि दोन चांगले, असे मी आता म्हणणार नाही. गरज ठरलेली असेल, आकडे प्रामाणिक असतील, वूफरचा ओहम ॲम्पशी जुळवून घेतला असेल आणि वायर जाड असेल, तर एका ॲम्पविरुद्धच्या माझ्या बहुतेक हरकती गळतात. उरते ती पहिलीच. सगळे एकदम वाजत असताना, बेसच्या ओढीने गळ्याचे छत खाली येते का? हे तर्काने ठरवण्यापेक्षा तपासून पाहावे. पखवाजाची दमदार साथ असलेला अभंग नेहमीच्या सर्वांत मोठ्या आवाजात लावावा, वूफरची वायर काढावी, आणि ऐकावे. वायर काढताच गायकाचा आवाज मोकळा झाला, टाळ स्वच्छ झाले, तर बेस त्यांच्या वाट्याचे खात होता हे सिद्ध झाले. फरक पडला नाही, तर तुमचा ॲम्प निर्दोष.

उत्साही : ही चाचणी योग्य दिशेची आहे, पण ती एका गोष्टीने फसते. जोरदार खालचा सूर आपल्या वरच्या सुरांना कानातच झाकतो. हा कानाचा स्वभाव आहे, ॲम्पचा नव्हे. दोन वेगळे ॲम्प लावून, दोन वेगळ्या बॅटऱ्या जोडूनसुद्धा वूफर बंद केला की गळा मोकळा वाटेलच. म्हणजे कानाला जो फरक ऐकू येतो त्यात दोन कारणे एकत्र असतात आणि कान ती वेगळी करू शकत नाही. वेगळी करायची तर पुढच्या चॅनेलच्या वायरीवर ऑसिलोस्कोप लावायला हवा आणि एकच तुकडा दोनदा वाजवायला हवा, एकदा वूफर जोडून आणि एकदा काढून. वूफर जोडल्यावरच लाटेची टोके सपाट होत असतील तर तुम्ही बरोबर. दोन्ही वेळा गोल राहिली तर मी बरोबर. मला खात्री वाटते, की प्रामाणिक ॲम्पमध्ये गेन जपून लावला असेल तर ती गोलच राहतील.

साशंक : ‘जपून लावला असेल तर’ या शब्दांत सगळे आले. गेन जपून लावायचा म्हणजे पुढच्या चॅनेलचे छत सर्वांत खाली असेल तिथे, म्हणजे बेस पूर्ण ओढत असताना, लाटेची टोके कुठे कापली जातात हे पाहून त्याच्या खाली राहायचे. मग ७५ वॅट म्हणून घेतलेल्या चॅनेलचे साठच वापरले जातील. ते साठ पुरतील तर तुमचा एक डबा योग्य, आणि त्याची एकच वायर, एकच अर्थिंग, कमी खर्च हे सगळे लाभ खरे. पुरणार नाहीत तर वेगळी चूल हवी, आणि तिच्याबरोबर येणारी शिट्टीची जोखीम, जादा फ्यूज, जादा खर्चही घ्यायला हवा. पुरतात की नाही हे अवलंबून आहे ते ऐकणारा किती जोरात ऐकणार यावर. आणि ते तर स्वच्छ, भरपूर आवाज गाडीत पहिल्यांदा ऐकल्यानंतरच माणसाला कळते, म्हणजे खरेदी होऊन गेल्यावर.

उत्साही : म्हणून खरेदीच्या आधी दुकानात विचारायचा प्रश्न बदलायला हवा. ‘किती वॅट?’ किंवा ‘एक की दोन?’ असे न विचारता विचारावे, की सगळी चॅनेल एकदम वाजत असताना, इंजिन चालू ठेवून, माझ्या दारांना किती उरते? ज्या दुकानात स्कोप आहे तिथे याचे उत्तर दाखवता येईल. जिथे नाही तिथे मी एकच ॲम्प घेईन, गेन थोडा मागे ठेवीन आणि जे मिळते त्यात ऐकेन.

साशंक : आणि मी तिथे दारांसाठी आधी चार चॅनेलचा ॲम्प घेईन, बॅटरीपासून ४ गेजची वायर पहिल्याच दिवशी टाकून ठेवीन, आणि बेससाठी थांबेन. किती हवे ते कळल्यावर वूफर त्याच ॲम्पच्या मागच्या चॅनेलवर ब्रिज करायचा की त्याला वेगळा ॲम्प द्यायचा, हे तेव्हा ठरवीन.